पत्रिका अडली पॉपकाउंटवर

तुळशीची लग्नं लागली की आमच्या मिरजेत पत्रिका छापणाऱ्यांना जेवायला सवड नसते. नोव्हेंबर २०२५ मधल्या अशाच एका सकाळी मी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात ओळखीचे एक प्रेसवाले काका रिक्षातून उतरले. सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळलेला. मागे पुतण्या, मान खाली घालून.

"बघ बाबा, ह्यानं नवीन विंडोज घातलं आणि माझ्या सगळ्या फाइली बाटवल्या," काका म्हणाले.

पुतण्याकडून गोष्ट हळूहळू बाहेर आली. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि ती सूचना वाचून त्याला काळजी लागली. व्हिडिओ बघून त्यानं रूफस नावाच्या सॉफ्टवेअरनं विंडोज ११चा पेनड्राइव्ह बनवला, टीपीएम आणि सिक्युअर बूट या विंडोज ११च्या सुरक्षेच्या अटी काढून टाकल्या. काकांच्या मशीनला तो लावला की लोगो यायचा आणि मशीन रीस्टार्ट व्हायचं. पुन्हा लोगो, पुन्हा रीस्टार्ट. मग पठ्ठ्यानं एसएसडी काढून घरच्या जुन्या आय३ला लावली, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला, तिथं विंडोज बसवलं आणि एसएसडी परत आणून जोडली. तरी तेच. आय३वरच पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर टाकून पत्रिकेची फाइल उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं.

पोरानं डोकं चालवलं होतं, हे मान्यच करायला हवं. मी तरी वेगळा कुठं होतो? दोनेक वर्षांपूर्वी असाच एक कोअर टू ड्युओ मी विंडोज ११च्या २३एच२ आवृत्तीवर चालवला होता आणि आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवत होतो.

फाइलींची भीती आधी घालवली. त्या डी ड्राइव्हवर जशाच्या तशा होत्या. छपाईचे जुने डीटीपी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. त्यांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात बसवलेली असतात. फॉन्ट असेल तर 'ग', नसेल तर त्या घराचा मूळ मालक बाहेर येतो. फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर गेले होते, एवढंच. काकांना पटलं नाही, पण ते खुर्चीवर बसले.

आता मशीन का उठत नाही? विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवर ते पहिल्या झटक्यात चालू झालं. म्हणजे रॅम, बोर्ड, एसएसडी सगळं ठणठणीत. टर्मिनलमध्ये प्रोसेसरला कुठल्या सूचना कळतात त्याची यादी काढली : कोअर टू ड्युओ ई८४००, एसएसई ४.१ आहे, एसएसई ४.२ नाही, पॉपकाउंट नाही. पुतण्याला यादी दाखवली. "पॉपकाउंट काय असतं?" एखादी संख्या बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, लिहिली की त्यात १ किती, ते मोजणारी प्रोसेसरची सूचना. एवढीशी गोष्ट. पण २०२४च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११चा गाभाच ती सूचना वापरतो. प्रोसेसरला ती कळली नाही की तिथंच संपलं. टीपीएमची अट ही दारावरच्या रखवालदारासारखी, त्याला चुकवून आत जाता येतं. इथं घराला जिनाच नाही. ई८४०० बाजारात आला जानेवारी २००८ला आणि इंटेलनं ही सूचना दिली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या पहिल्या कोअर आय७मध्ये. दहा महिन्यांनी हुकलं.

"मग २३एच२ टाका," पुतण्या म्हणाला. त्याच्याही अपडेटची मुदत त्याच महिन्याच्या ११ तारखेला संपत होती.

"नवीनच घ्या की काका," मी बोलून गेलो. काका काही न बोलता उठले आणि सीपीयूच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टला फॉन्टचं डोंगल लावलेलं, म्हणजे ते जोडल्याशिवाय फॉन्ट चालू न देणारी किल्ली. नव्या बोर्डांवर ते पोर्ट क्वचितच मिळतं आणि यूएसबीच्या कन्व्हर्टरवर असली डोंगलं सहसा चालत नाहीत. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा, विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे ते मशीनवर चढलं असतं तरी पत्रिका निघाली नसतीच. मागच्या वेळी मीच ३२ बिटचं विंडोज १० टाकलं होतं ते याच कारणानं, आणि मीच ते विसरलो होतो. त्यावेळी सी ड्राइव्हची इमेज, म्हणजे पूर्ण नक्कल, काढून ठेवायलाही विसरलो होतो, पण ते काकांना सांगितलं नाही.

शेवटी दोन घरं केली. एसएसडीच्या एका भागावर (पार्टिशनवर) तेच ३२ बिटचं विंडोज १०, नेटवर्क कार्ड बंद करून, फक्त पेजमेकरसाठी. दुसऱ्यावर लिनक्स मिंट २२. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. फायरफॉक्समध्ये व्हॉट्सॲप, त्यावर गिऱ्हाईक मजकूर आणि फोटो पाठवणार, ते डी ड्राइव्हवर ठेवून मशीन रीस्टार्ट करायचं. ४ जीबी रॅमवर मिंट धावत नाही, पण चालतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप मात्र आठवणीनं बंद केलं. ते चालू राहिलं तर बंद केलेलं विंडोज खरं अर्धवट झोपलेलं असतं आणि मिंटला डी ड्राइव्हवर लिहू देत नाही. पुतण्यानं हे वहीत लिहून घेतलं. काका म्हणाले, "दोन-दोनदा चालू करायचं?" मी म्हटलं, व्हय.

फॉन्टची सीडी काकांच्या देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातून आली. दोनदा अडकली. चष्म्याच्या कापडानं पुसून तिसऱ्यांदा घातली, तेव्हा वाचली.

संध्याकाळी सातला फाइल उघडली, प्रिंट काढली. काकांनी कागद ट्यूबलाइटखाली धरला आणि वरपासून वाचत गेले. मधेच थांबले.

"विवाहस्थळ 'पुण्यात' आहे. ण्य नीट आलाय." आणखी दोन ओळी. "पण मुलीच्या मामाचं नाव राहिलंय. हे विंडोजनं नाही केलेलं."

पुतण्या आधीच कीबोर्डवर बसला होता.