प्रीस्टची प्रगती: ऑनर, रांग आणि दोन बाजूंचं गणित

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या माझ्या ड्वार्फ प्रीस्टचा (बुटक्या वंशाचा पुजारी) ऑनर, म्हणजे समोरच्या बाजूच्या खेळाडूंशी लढून मिळणारे गुण, या आठवड्यात बरा जमला, गिअर (शस्त्रं-चिलखतं) मात्र जिथल्या तिथं. आमचं तिघांचं टोळकं कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं. गेममध्ये दोन बाजू, अलायन्स आणि होर्ड; आम्ही सगळे अलायन्समध्ये, क्लासिकच्या (गेमची जुनी आवृत्ती) युरोप सर्व्हरवर. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा जर्मनीत थंडीत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, त्यामुळं 'सर्व्हर फिफ्टी-फिफ्टी आहे', म्हणजे दोन्हीकडं माणसं सारखी, असं कुणी म्हटलं की मी विचारतो, किती वाजता? आमच्या वेळेला होर्डचीच गर्दी.

मोकळ्या जगात याचा त्रास लई. ब्लॅकरॉक माउंटनच्या तोंडावर मरायचं, भूत होऊन धावत यायचं, परत मरायचं. पण बॅटलग्राउंडमध्ये, म्हणजे रांग लावून खेळायच्या दोन बाजूंच्या सामन्यात, हाच आकडा उलटा फिरतो. तिथं दोन्हीकडं माणसं सारखी लागतात, म्हणून जास्त गर्दीची बाजू रांगेत ताटकळते. कळंब्याचा मावसभाऊ होर्डमध्ये आहे. अल्टरॅक या बॅटलग्राउंडच्या रांगेत उभा राहून तो निवांत जेवून येतो. "तुमचं बरं हाय लेका, दाबलं की आत!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. खरंय त्याचं. तो जिंकतो जास्त, पण तासाला ऑनर किती हे बघितलं, तर हरणारे आम्ही फार मागं नसतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील तालमीची माणसं गॅलरीत कितीही असोत, मैदानात अकराच उतरतात, तसलाच प्रकार.

बक्षिसानं ही गर्दी हलते का? मला नाही वाटत. रिटेलमध्ये (गेमची नवी आवृत्ती) 2018 मध्ये वॉर मोड, म्हणजे मोकळ्या जगात समोरच्या बाजूशी लढाई चालू-बंद करायची सोय, आला, आणि पुढं कमी संख्येच्या बाजूला 30 टक्क्यांपर्यंत बोनस देऊन बघितला. बोनस घ्यायला लोक वॉर मोड चालू करतात, खरं. पण मित्र, गिल्ड (गेममधला आपला गट) आणि वर्षानुवर्षं वाढवलेलं कॅरेक्टर सोडून पलीकडं कोण जातंय?

2005 ची जुनी रँक पद्धत तर याहून गमतीची. तुमची स्पर्धा शत्रूशी नव्हतीच. दर आठवड्याचा क्रम आपल्याच बाजूच्या लोकांत लागायचा. शिवाय वरच्या जागा त्या आठवड्यात ऑनर मिळवणाऱ्यांच्या टक्केवारीवर ठरायच्या. म्हणजे आपल्याकडं खेळणारे जास्त, तर वर जागा जास्त. तलवार होर्डवर उपसायची आणि रँकसाठी शेजारच्या गिल्डवर डोळा ठेवायचा! त्यात आठवडा चुकला की साठवलेल्यातले 20 टक्के कापले जायचे. ही पद्धत गेली ते बरंच झालं.

संख्येशिवाय वंशांचं गणित वेगळंच. शनिवारी वॉरसाँगला, म्हणजे झेंडा पळवायच्या बॅटलग्राउंडला, आमचा ड्रुइड झेंडा घेऊन बोगद्यातून निघाला, समोर वॉरलॉक. मी आधीच फिअर वॉर्ड (घाबरवून पळवणारा स्पेल अडवणारा स्पेल) टाकून ठेवला होता. त्याचा फिअर वाया गेला, ड्रुइड तसाच पुढं, आणि जिंकून देणारा तिसरा झेंडा लागला. नाद खुळा! हा स्पेल त्या काळात फक्त ड्वार्फ प्रीस्टलाच. पण पलीकडच्या अनडेडला विल ऑफ द फॉरसेकन आहे; मी ओरडून पळवायला गेलो की तो झटकून परत अंगावर येतो. मला विचाराल तर झेंड्याच्या खेळात आमचं पारडं जड, समोरासमोरच्या मारामारीत त्यांचं.

आता अल्टरॅक थोडं बाजूला ठेवून तिघं मिळून वॉरसाँगच खेळायचं ठरलंय. मावसभावाला बोलवता येत नाही, तो रांगेत आहे.