मोआबच्या लाल कातळावर अडीच तास

मोआब गावाबाहेरच्या सँड फ्लॅट्स या कातळरानाची तिकीटचौकी मागे पडली की हेल्स रिव्हेंज ही उघड्या मोटार-बग्ग्यांची वाट लगेच डावीकडे फुटते, आणि स्टिअरिंगवर हात बसायच्या आतच पहिला चढ समोर येतो. पालथ्या घातलेल्या होडीसारखी कातळाची लांबट पाठ. रुंदी बग्गीपेक्षा थोडीच जास्त, दोन्ही बाजूंना कातळ गोलसर होत खाली उतरलेला. चढताना बग्गीचं नाक इतकं वर होतं की समोर वाट दिसेनाशी होते, फक्त आभाळ उरतं. मी नेमका तिथे पाय उचलला. बग्गी थबकली, मागे सरकतेय असं वाटलं आणि माझ्या पोटात गोळा आला. रेडिओवर मार्गदर्शकाचा आवाज येण्याआधी शेजारून बाबा म्हणाले, "ब्रेक धरून ठेव. घाबरू नको. आता हळू रेस दे, आणि वर पोचेपर्यंत पाय काढू नको."

बाबांनी महाड आगारातून ३२ वर्षं एसटी चालवली. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट त्यांना पावसात, धुक्यात, रात्री-अपरात्री पाठ. गेल्या ऑक्टोबरात ते आणि आई आमच्याकडे डेन्व्हरला आले, तेव्हा त्यांना काय दाखवावं याचा मी पुष्कळ विचार केला. उंच इमारती बघून ते मान हलवतात आणि चहा कुठे मिळेल विचारतात. रस्ते मात्र मन लावून बघतात. म्हणून शेजारच्या युटा राज्यातलं मोआब ठरवलं.

डेन्व्हरहून मोआब साधारण साडेतीनशे मैल. आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगदा, ग्लेनवूड कॅन्यन, ग्रँड जंक्शन असं करत सहा तास सहज जातात, दुपारच्या जेवणाला थांबलात तर सात. पुढे बहुतेक लोक क्रेसेंट जंक्शनपर्यंत जाऊन १९१ नंबरच्या रस्त्याने गावात उतरतात. तुम्ही तसं करू नका. सिस्कोच्या अलीकडे-पलीकडे कुठेही आय-७० सोडा आणि १२८ नंबरचा रस्ता धरा. तो कॉलोराडो नदीच्या काठाकाठाने, लाल कड्यांच्या पायथ्यातून मोआबला पोचतो. फक्त उजेड असताना जा. अंधारात तो रस्ता दिसत नाही, आणि हरणं अचानक आडवी येतात.

बग्गीची सहल म्हटल्यावर आईने विचारलं, "वरातीतली?" तर ही ती नव्हे. ही चार जाड टायरांची, लोखंडी पिंजऱ्याची उघडी गाडी. दोन किंवा चार आसनं, मोटारीसारखंच स्टिअरिंग, पायात रेस आणि ब्रेक. गिअर बदलत बसायची गरज नाही, पण चढ-उतारासाठी 'लो' गिअर वेगळा असतो. सस्पेन्शन एवढं लांब की एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असलं तरी गाडी तोल सांभाळून राहते. तरीही कंबरेला धक्के बसतातच. आईच्या मणक्याचा त्रास जुना, त्यामुळे ती, माझा नवरा आणि आमची लेक नदीकाठी थांबले. मान-पाठीचं दुखणं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मोह टाळा. आणि कुणाला स्वतः चालवायचं नसेल, तर याच वाटेवर मार्गदर्शकच चालवतो अशा मोठ्या हमर गाड्यांच्याही सहली निघतात. वयस्कर मंडळींना त्या जास्त सोयीच्या.

आम्ही सकाळी आठची पहिली वेळ घेतली होती. मावळतीच्या सहलीला मागणी जास्त असते, कारण कातळ तेव्हा पेटल्यासारखा दिसतो. पण उतारावर सूर्य थेट डोळ्यांत येतो, आणि पहिल्यांदा चालवणाऱ्याला तो त्रास नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी धूळही कमी असते, पुढे गाड्या गेलेल्या नसतात. ऑक्टोबरात आठ वाजता स्वेटर घालूनही हात गारठतात, अकरापर्यंत तोच स्वेटर कंबरेला बांधावा लागतो. जून ते ऑगस्ट मात्र टाळाच. पारा ३८ अंशांच्या आसपास असतो आणि बग्गीला सावली अशी नसतेच. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात इथे १९६७ पासून जीपवाल्यांचा मोठा मेळा भरतो, त्या दिवसांत वाटेवर रांग लागते.

कंपनीच्या आवारात गेल्यावर कागदांवर सह्या, हेल्मेट, मग अर्धा तास सूचना. परवाना मूळचाच लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही. बाबांचा भारतातला परवाना आणि पासपोर्ट दोन्ही आम्ही बरोबर नेले होते, त्यावर त्यांचं नाव दुसरा चालक म्हणून लिहून घेतलं. चालकाच्या वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी असते. युटात २०२३ पासून सरकारी जमिनीवर अशी गाडी चालवणाऱ्यासाठी एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा झाला आहे. मार्गदर्शकासोबतच्या सहलीला तो लागेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा: दर बग्गीमागे आहे की माणशी, सँड फ्लॅट्सचं प्रवेशशुल्क त्यात धरलंय का, आणि गाडीचं नुकसान झालं तर किती रक्कम आपल्या अंगावर येते. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आणि वर मार्गदर्शकाची टिप, ती इथे १५ ते २० टक्के देतात.

सूचनांपैकी एक मी मराठीत बाबांना पुन्हा सांगितली, आणि तुम्हालाही सांगते. गाडी कलंडायला लागली तर हात बाहेर काढून जमिनीला टेकवायचा नाही. माणूस नैसर्गिकपणे तेच करतो आणि हात पिंजऱ्याखाली येतो. स्टिअरिंग किंवा पुढची दांडी घट्ट धरायची, पट्टा आवळलेला ठेवायचा. ओढणी, मफलर, सुटे केस काहीही नको. लेन्स लावत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा.

सूचना चालू असताना बाबा उठून बग्गीभोवती एक फेरी मारून आले. आगारातून गाडी काढायच्या आधी मारायचे तशी. वाकून प्रत्येक टायरवरून हात फिरवला, आणि मागच्या उजव्या टायरच्या कडेला एक चीर दाखवून म्हणाले, "याचा फोटो काढ." मी काढला. शिवाय चारही बाजूंनी एक-एक काढला.

आता त्या पहिल्या चढावर परत येते. वर पोचल्यावर मार्गदर्शकाने सगळ्यांना थांबवलं आणि खाली उतरून कातळावर हात टेकवायला सांगितलं. तळव्याला चक्क पॉलिश पेपर लागतो. हा नवाहो सँडस्टोन, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्यांची वाळू दाबली जाऊन तयार झालेला. लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल. इथले लोक त्याला स्लिकरॉक म्हणतात, म्हणजे निसरडा कातळ. नाव घोडेस्वारांच्या काळातलं: लोखंडी नालांचे घोडे यावरून घसरायचे. रबरी टायर उलट घट्ट चिकटतो. म्हणूनच ज्या चढावर पायी जाताना आपण चार वेळा विचार करू, तिथे बग्गी शांतपणे वर जाते. मला हे आधी कळलं असतं तर मी पाय उचललाच नसता. कातळ ओला असला की ही पकड कमी होते आणि दगडही कमकुवत होतो, त्यामुळे पावसाने सहल रद्द केली तर कंपनीशी वाद घालू नका.

आपल्याकडचा कातळ म्हणजे काळा बसाल्ट, थरावर थर, पायऱ्यांसारखा. इथला कातळ एकमेकांना समांतर उभ्या भिंतींसारखा चिरलेला आहे. खाली खोलवर मिठाचा प्रचंड थर आहे. तो दाबाने सरकला तेव्हा वरचा खडक समांतर भेगांनी फुटला, आणि भेगा रुंदावत गेल्यावर मधल्या या धारा उरल्या. आर्चेस राष्ट्रीय उद्यानातल्या कमानी अशाच भिंतींना भोकं पडून झालेल्या. बग्गी त्या उद्यानात नेता येत नाही, तिथे आपली मोटार घेऊन वेगळं जायचं. गेल्या काही वर्षांत आर्चेसला गर्दीच्या महिन्यांत वेळ आरक्षित करावी लागायची, म्हणून निघण्याआधी उद्यानाचं संकेतस्थळ पाहा.

वाट कातळावर रंगवलेल्या ज्वाळेच्या खुणांनी दाखवलेली आहे, शिवाय हजारो टायरांनी घासून काळे पट्टे पडले आहेत. पूर्ण वाट साडेसहा मैलांच्या आसपास. वेग जवळजवळ चालण्याचाच. उतारावर मार्गदर्शकाने लो गिअर टाकायला लावला आणि ब्रेकवर उभं राहू नका म्हणाला. बाबा हसले. "हेच ना? इंजिनाने गाडी धरायची. घाटात ब्रेक तापवणारा ड्रायव्हर घरी उशिरा पोचतो." मी ते मार्गदर्शकाला इंग्रजीत सांगितलं. त्यानंतर तो प्रत्येक थांब्यावर बाबांशी बोलायला यायचा. दोघांची भाषा एक नव्हती, पण हाताने दाखवलेला चढ, उतार आणि वळण दोघांनाही समजत होतं.

एका कड्यावरून खाली कॉलोराडो नदी दिसते, लाल भिंतींमध्ये हिरवट-तपकिरी, आणि मागे ला साल पर्वतावर ऑक्टोबरातच पांढरं पडलेलं. त्यातलं सर्वांत उंच शिखर १२,७०० फुटांवर. पुढे एका सपाट कातळावर तीन बोटांची पावलं उमटलेली आहेत, मांसाहारी डायनासोरची. तिरप्या उन्हात ठसे स्पष्ट दिसतात, भर दुपारी पटकन सापडत नाहीत. बाबांनी आपला तळवा शेजारी धरून पाहिला, ठशावर ठेवला नाही.

माझं खरं मन अडकलं ते मात्र खाली, वाटेच्या कडेला. दोन कातळांमधल्या वाळूवर एक काळपट, खडबडीत, फुगलेला थर दिसतो. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. तो जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल, शेवाळ यांनी मिळून वाळूचे कण बांधून ठेवलेत, म्हणून वारा ती उडवून नेत नाही आणि झुडपांना मूळ धरता येतं. एक पाऊल पडलं तरी तो मोडतो आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षं, कधी दशकं लागतात. आमच्या गटातला एकजण फोटोसाठी त्यावर उतरायला निघाला तेव्हा मार्गदर्शक जवळजवळ ओरडला, आणि मला त्याचं बरं वाटलं. कातळावरच्या खळग्यांचंही तसंच. पावसाचं पाणी साचलं की त्यात अगदी चिमुकली झिंग्यासारखी जनावरं जन्मतात. पाणी आटल्यावर त्यांची अंडी सुक्या गाळात वाट बघत राहतात. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवरच्या डबक्यांतही त्यांचे भाऊबंद आहेत. म्हणून कोरड्या खळग्यातूनसुद्धा चाक किंवा पाय घालू नका. वाट सोडायची नाही, एवढं एकच पाळलंत तरी पुरे.

अर्ध्यावर चालक बदलता येतो. मी किल्ली पुढे केली. बाबा त्या पुढच्या धारेकडे थोडा वेळ बघत राहिले. "गाडी अनोळखी आणि घाटही अनोळखी. एका दिवशी दोन्ही नको." त्यांचं कारण पुढे ऐकण्यासारखं होतं. आपल्याकडे चालकाची जागा उजवीकडे, त्यामुळे डावं चाक कुठे आहे याचा अंदाज अंगात बसलेला असतो. इथे आपण डावीकडे बसतो, आणि शरीर सवयीने गाडी उजवीकडे ढकलत नेतं. रुंद रस्त्यावर चालून जातं, धारेवर नाही. भारतातून थेट आलेल्यांनी हे डोक्यात ठेवावं: पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांवर नजर ठेवा आणि आपलं डावं चाक तिच्या डाव्या चाकाच्या पट्ट्यावरच न्या. शेवटी सपाट वाळूचा टप्पा आला, तेव्हा त्यांनी आपणहून जागा बदलली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. मऊ वाळूत रेस एकसारखी ठेवली, कुठे झटका नाही. मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारच्या जागेवर बसले होते. लहानपणी एसटीत मी त्यांच्या मागच्या सीटवर असायचे.

पाणी माणशी दोन लिटर न्या, वाटेत काही मिळत नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती नदीच्या कड्यावर संपली. बूट बंद घाला, पातळ मोजे नकोत. मोबाइल दोरीला बांधा किंवा चेन असलेल्या खिशात ठेवा. लाल धूळ कपड्यांतून दोन धुण्यांनीही पूर्ण जात नाही, पांढरं काही घालू नका. आणि गावातून जाताना बग्गी हळू चालवा; इंजिनांच्या आवाजाला तिथले रहिवासी फार कंटाळले आहेत, त्यासाठी नियमही झाले आहेत.

आवारात परत आल्यावर तिथल्या मुलाने गाडी तपासली आणि मागच्या उजव्या टायरपाशी थांबला. ही चीर आज पडली का, असं विचारलं, आणि अनामत रकमेचा कागद पुढे केला. मी सकाळचा फोटो उघडला, वेळेसकट. त्याने तो मोठा करून पाहिला, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि कागदावर सही केली. बाबा तोवर हेल्मेट जागेवर ठेवून दुसऱ्या एका बग्गीच्या पुढच्या चाकाशी वाकले होते.