उजव्या मुंढ्यात काचतंय

कोल्हापुरात मंगळवार पेठेत जिन्याखालच्या खोलीत माझं ब्लाउजचं दुकान आहे. दोन मशिनी, एक पिको-फॉलचं, आणि फळीवर बावीस वर्षांच्या माप-वह्या. छाती, कंबर, मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई), बाही, पुढचा गळा, मागचा गळा. कोण बाळंतीण झाली, कोण खंगली, कुणाला मानवलं, सगळं त्या आकड्यांत सापडतं.

तीन वर्षांमागं नवरात्राच्या तोंडावर एक काकी आल्या. आमच्या गल्लीतल्याच, जुनं गिऱ्हाईक. "पोरी, उजव्या मुंढ्यात काचतंय बघ. धुऊन आटलं वाटतं." त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, सगळ्यांना घटाच्या आत ब्लाउज पाहिजे. मी अर्धा इंच उसवून दिलं. संक्रांतीला तेच ब्लाउज परत आलं. शिवणीच्या आत जादा कापड, म्हणजे माया, उरली नव्हती, म्हणून काखेत तुकडा जोडून दिला. वीस रुपये घेतले.

डावीकडची तक्रार त्यांनी एकदाही केली नव्हती. कापड आटलं तर दोन्हीकडून आटेल. एवढं तरी शिवणाऱ्या बाईला कळायला पाहिजे होतं.

मे महिन्यात काकींची सून आली आणि म्हणाली, आत्यांचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ वरच्या अंगाला, काखेकडं होती. नंतर कळलं, सगळ्यात जास्त गाठी त्याच भागात होतात. काकींना ती हाताला लागत होती, पण दुखत नव्हती. "दुखली असती तर दाखवली असती की," असं त्या मलाच म्हणाल्या, अगदी सहज. न दुखणारी गाठसुद्धा लगेच दाखवायची असते, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

मग मी त्यांच्यासाठी नवीन माप घेतलं. असलं माप मी पहिल्यांदाच घेत होते. हूक पुढं, कारण हात वर जात नाही. उजवी बाही सैल, कारण ऑपरेशनात काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या की हात सुजू शकतो. अस्तराला आतून खिसा, त्यात काढलेल्या छातीच्या जागी घालायचं पॅड बसतं. पॅड हलकं असेल तर ब्लाउज त्या बाजूनं वर चढतं, म्हणून खिशाची खालची शिवण दुहेरी घालते. आता अशी चार गिऱ्हाइकं आहेत माझ्याकडं. त्यांची मापं वहीत शेवटच्या पानांवर असतात, उगाच कुणी वही चाळली तर नजर जाऊ नये म्हणून.

माझं स्वतःचं म्हणाल, तर पुढं वर्षभर मी काहीच केलं नाही. मग सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नर्स असलेली एक गिऱ्हाईक दुकानातच मागं लागली. तिनं सांगितलं, सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची छाती हातानं तपासायची सोय आहे, दर पाच वर्षांनी, फुकट, आशाताईंना विचारायचं. मी म्हटलं, "हातानं तपासून काय कळतंय गं?" तर म्हणाली, टाटा हॉस्पिटलनं मुंबईत 1998 पासून दीड लाख बायकांवर हेच बघितलंय. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेल्या बायका दर दोन वर्षांनी निम्म्या जणींना तपासत होत्या. वीस वर्षांनी हिशेब मांडला तर तपासलेल्यांत आजार लवकरच्या पायरीवर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्यानं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही तिनं सांगितलं. म्हणून तिच्यावर विश्वास बसला.

मी सेहेचाळीसची, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सांगितली. पाळी झाल्यावरच्या आठवड्यात जायचं, तेव्हा कमी दुखतं. काखेत पावडर किंवा सेंट लावायचा नाही, त्याचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात. मशीनवाली बाईच होती. दोन पाट्यांमध्ये अंग असं दाबतात की नऊवारीची घडीसुद्धा इतकी चपटी होत नाही. दुखतं, खोटं कशाला सांगू, पण दहा आकडे मोजेपर्यंत. एका बाजूचे दोन, असे चार फोटो. माझ्यात काहीतरी दिसलं म्हणून सोनोग्राफी केली. त्या दोन तासांत अंबाबाईला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पाण्याची गाठ निघाली. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच, हे डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं होतं, पण तेव्हा कानात शिरलं नव्हतं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "काही नव्हतं तर पैसे कशाला घातलेस?" यावर मी अजून उत्तर शोधते आहे.

आता कुणी काचतंय म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, "एका बाजूला का दोन्हीकडं?" आणि एकीकडंच असेल तर पुढचं पण विचारते. गाठ लागते का, कातडीला खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का, त्यातनं रक्त किंवा पाणी येतं का. काहीजणी लाजतात, काही हसतात.

परवा एकीला म्हटलं, "उसवून देते ताई, पण आधी दाखवून या." ती चिडली. "ब्लाउज शिवतीस का डॉक्टरकी करतीस?" म्हणाली आणि ब्लाउज उचलून गेली. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या टेलरकडं दिलं असणार. तिचा नंबर वहीत मापाशेजारीच आहे. उद्या दुपारी दुकान रिकामं असतंय, तेव्हा लावते.