कंपनीत डॉक्टरची सोय करताना: माझा अनुभव

‘तुमच्या शहरात आमचे शेकडो डॉक्टर आहेत’ असं सांगून ओपीडीचं, म्हणजे ॲडमिट न होता डॉक्टरला दाखवण्याचं, पॅकेज विकणाऱ्या कंपनीचा माणूस मला अजूनही फोन करतो. त्याचा नंबर दिसला की आजही डोकं तापतं, म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे. ज्या छोट्या कारखान्यांत एचआर, ॲडमिन आणि टाइम ऑफिस एकाच टेबलावर येतं, तिथल्या कुणाचा तरी पैसा आणि मनस्ताप वाचावा एवढीच इच्छा.

आमचा कारखाना नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. मशीनिंगचं काम, तीन शिफ्ट. हेल्पर आणि नवे ऑपरेटर ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत आहेत. त्यांच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, कंपनी सव्वातीन टक्के भरते आणि सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. प्रश्न होता जुन्या माणसांचा. पगार २१ हजारांच्या वर गेला की माणूस ईएसआयच्या बाहेर. ही मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये १५ हजारांवरून २१ हजार झाली तेव्हा आमचे सगळे ऑपरेटर आत होते. पुढे वाढी मिळत गेल्या आणि एकेक जण बाहेर पडत गेला. आमच्या एका मशीन सेटरने मला तोंडावर सांगितलं, “मॅडम, वाढ दिलीत आणि दवाखाना काढून घेतलात.” त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी ते तसंच साहेबांच्या कानावर घातलं आणि अशा माणसांसाठी वेगळा विमा काढायला साहेबांनी लगेच होकार दिला.

ग्रुप मेडिक्लेमचं काम सरळ झालं. विमा ब्रोकरने तीन कंपन्यांचे कोट आणले. जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर, सुरुवातीच्या ३० दिवसांची अट माफ, बाळंतपणाची नऊ महिन्यांची अट माफ, एवढं मागून घेतलं आणि ते मिळालं. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो बजेटमध्ये आधीच धरा.

पण मेडिक्लेम म्हणजे ॲडमिट झाल्यावरची गोष्ट. डे-केअरच्या काही शस्त्रक्रिया सोडल्या तर २४ तास हॉस्पिटलमध्ये काढावे लागतात. आमच्या माणसांचं रोजचं दुखणं वेगळं आहे. मशीनवरच्या कूलंटमुळे हातांना खाज सुटते, मशीनवर चढवायचे जड भाग उचलून कंबर धरते, रात्रपाळीने पित्त वाढतं, चाळिशीनंतर बीपी आणि शुगर मागे लागते, घरी पोराला ताप असतो. यासाठी माणूस ॲडमिट होत नाही, डॉक्टरकडे जातो. तिथली फी आणि औषधं त्याच्या खिशातून जातात, म्हणून तो जाणं पुढे ढकलतो. आम्हाला सोडवायचा होता तो हा प्रश्न, आणि त्यावर ओपीडी पॅकेज घ्या असं आम्हाला सुचवलं गेलं. माणशी वर्षाचे ठरावीक पैसे भरायचे, प्रत्येकाला मोबाइलवर कार्ड मिळणार, पॅनेलवरच्या कुठल्याही खासगी डॉक्टरकडे कार्ड दाखवायचं, पैसे द्यायचे नाहीत.

पैसे भरण्याआधी मी डॉक्टरांची यादी मागितली होती. उत्तरात नाशिकमधल्या क्लिनिकचा फक्त आकडा आला. यादी ‘ऑनबोर्डिंगनंतर शेअर होते’ म्हणे. पैसे जमा झाल्यावर ती एक्सेल आली. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड, नाशिकरोड, पुन्हा कॉलेज रोड. आमची माणसं राहतात सिडकोत, उत्तमनगरला, पाथर्डी फाट्याला, अंबड गावात, सातपूरच्या श्रमिकनगरात. पहिल्या शिफ्टचा माणूस तीनला सुटतो, घरी जाऊन पोराला घेतो आणि मग तापलेल्या पोराला गाडीवर बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेतो, असं यादी करणाऱ्याला वाटलं असेल तर त्याने नाशिक पाहिलेलं नाही. यादीत केसांची आणि त्वचेची क्लिनिकं भरपूर, दातांची भरपूर; साधा ताप-खोकला बघणारा डॉक्टर शोधावा लागत होता.

तरी त्यातल्या त्यात जवळची क्लिनिकं निवडली आणि नोटीस बोर्डावर लावली. काही दिवसांत आमचा एक मशीन ऑपरेटर मुलीला घेऊन त्रिमूर्ती चौकातल्या एका क्लिनिकमध्ये गेला. मुलगी अंगाने गरम, रांगेत नंबर लागलेला. त्याने काउंटरवर मोबाइल पुढे केला. रिसेप्शनवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं आणि मोबाइल परत सरकवला, “हे आमच्याकडे चालत नाही, चारशे रुपये भरा.” मागे माणसं उभी. त्याच्याकडे तेवढे रोख पैसे नव्हते, शेजारच्या मेडिकलवाल्याकडून उसने घेतले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, “मॅडम, हे कार्ड तुमच्याकडेच ठेवा. पैसे नाहीत म्हणून कमीपणा येतो तो वेगळा, पण कार्ड दाखवून कमीपणा आला.” मला अतिशय वाईट वाटलं आणि रागही आला. माणसाला सुविधा द्यायची म्हणून कंपनीने पैसे मोजले होते, आणि तो चार लोकांत खाली पाहून आला होता.

त्या दिवशी मी यादीतल्या क्लिनिकना स्वतः फोन लावायला बसले. एक नंबर भलत्याच दुकानाचा निघाला. एका ठिकाणचे डॉक्टर केव्हाच पुण्याला गेले होते. एका डॉक्टरांनी स्वतः फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं की त्यांचे जुने पैसे थकले आहेत, म्हणून त्यांनी हे कार्ड घेणं बंद केलं आहे. बऱ्याच ठिकाणी रिसेप्शनला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. जिथे कार्ड चालत होतं तिथेही आधी ॲपवरून अपॉइंटमेंट घ्यायची, मग ओटीपी येणार, तो सांगायचा. आमच्याकडे शॉप फ्लोअरवर मोबाइलला बंदी आहे, मोबाइल लॉकरमध्ये असतात. बायको मुलाला घेऊन क्लिनिकमध्ये उभी आणि ओटीपी आलाय नवऱ्याच्या लॉकरमधल्या मोबाइलवर. घरच्यांचा दुसरा नंबर जोडता येईल का, यावर त्यांचं उत्तर कायम एकच: ‘फीचर पाइपलाइनमध्ये आहे.’

मग त्यांनी तोडगा काढला की जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडे जा आणि बिलं अपलोड करा, पैसे खात्यात येतील. माणसांनी बिलं आणून दिली आणि मी ती भरली. इथे खरी मेख निघाली. आमच्या भागातले फॅमिली डॉक्टर बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेले. त्यांचं रीतसर रजिस्ट्रेशन आहे, वर्षानुवर्षांचा दवाखाना आहे, घरातल्या तीन पिढ्या त्यांच्याकडे जातात. पॅकेजच्या अटींत मात्र बारीक अक्षरात होतं की फी फक्त एमबीबीएस किंवा त्यावरच्या डॉक्टरची मिळेल. झालं, एकामागून एक बिलं परत. एमबीबीएस डॉक्टरांची होती तीही सुटेनात. प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर नाही, निदान लिहिलेलं नाही, बिलावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. आमच्या एका माणसाच्या आधारवर वडिलांचं नाव आहे आणि डॉक्टरांनी नुसतं नाव-आडनाव लिहिलं, एवढ्यावरून बिल अडलं. पुन्हा डॉक्टरकडे जाऊन शिक्का आणायचा, तर तेवढ्यासाठी अर्धी सुट्टी टाकायची. जेवढे पैसे मिळणार त्याहून जास्त पगार बुडणार.

तक्रार केली की तिकीट नंबर यायचा. त्यापाठोपाठ मेसेज यायचा: ‘आपली समस्या सोडवून तिकीट बंद करण्यात आले आहे.’ काहीही सुटलेलं नसायचं. नवं तिकीट टाकायचं, तेही बंद. ज्या मॅनेजरने विकताना साहेबांसमोर बसून चहा घेतला तो दुसऱ्या खात्यात गेला, त्याच्या जागी आलेल्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं, मग तोही बदलला. माझ्या टेबलावर परत आलेल्या बिलांची फाइल जाड होत गेली आणि रोज कुणीतरी गेटवर विचारायचं, “ताई, आमचं आलं का?” नाही म्हणताना जीव तुटायचा. शेवटी मी एक साधा तक्ता केला. नाव, तारीख, क्लिनिक, रक्कम, नाकारल्याचं कारण. ईमेल नुसता मॅनेजरला न पाठवता त्यांच्या तक्रार निवारण विभागाला पाठवला आणि आमच्या ब्रोकरला सीसीत ठेवलं. तेव्हा कुठे काही बिलं सुटली आणि उरलेल्या महिन्यांचे थोडे पैसे परत मिळाले. एक सांगते, फोनवर बोललेलं काहीही टिकत नाही. प्रत्येक फोननंतर ‘आत्ता ठरल्याप्रमाणे’ असा दोन ओळींचा ईमेल टाका. माझ्या बाजूने उभं राहिलं ते या ईमेलनीच.

ज्यांना असं पॅकेज घ्यायचंच आहे त्यांनी पैसे देण्याआधी पिनकोडनुसार यादी मागा. सातपूरचा ४२२००७, अंबडचा ४२२०१०, असे तुमची माणसं राहतात ते पिनकोड द्या आणि त्यातले जनरल डॉक्टर किती ते लेखी घ्या. फोन स्वतः लावा. आयुष, म्हणजे बीएएमएस-बीएचएमएससारख्या डॉक्टरांची फी चालते का, हे पहिल्याच बैठकीत विचारा. यादी द्यायला टाळाटाळ झाली की उठा.

आता आम्ही काय केलं ते. आमच्या भागातच दवाखाना असलेल्या एका एमबीबीएस डॉक्टरबाईंना भेटले. त्यांना महिन्याची ठरावीक फी द्यायची आणि त्यांनी कंपनीत यायचं, असं ठरलं. कायद्याने आमच्यावर सक्ती नव्हती. तेव्हाच्या कारखाना अधिनियमात ॲम्ब्युलन्स रूम बंधनकारक होती ती ५०० च्या वर कामगार असतील तर, बाकीच्यांना प्रथमोपचार पेटी. तरी गेटजवळची एक खोली रंगवून घेतली, तपासणीचं टेबल, पडदा, बेसिन, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर. डॉक्टर अडीच ते चार बसतात. पहिली शिफ्ट तीनला सुटते, दुसरी तीनला लागते, त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांना गाठता येतं. शिफ्ट दर आठवड्याला फिरते, म्हणून रात्रपाळीवाल्यालाही लवकरच वार मिळतो. आठवड्यातली एक संध्याकाळ बायका-मुलांसाठी आणि आई-वडिलांसाठी.

खोली कंपनीतच का, याला कारण आहे. आमच्या सीएंनी सांगितलं की बाहेरच्या डॉक्टरची बिलं कंपनीने माणसाला परत दिली तर ती रक्कम त्याच्या पगारात धरली जाते. पूर्वी वर्षाला १५ हजारांपर्यंतची वैद्यकीय बिलं करमुक्त होती, ती सवलत २०१८-१९ पासून गेली. कंपनीने चालवलेल्या दवाखान्यातला उपचार, आणि ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता, पगारात धरला जात नाही. डॉक्टरांच्या सेवेवर जीएसटी नाही. फी वर्षाला ५० हजारांच्या वर जात असेल तर १० टक्के टीडीएस कापा, हे करारातच लिहा म्हणजे पहिल्या महिन्यात रुसवाफुगवा नको. इंजेक्शन-सलाइन आम्ही ठेवलं नाही. 

सुरुवातीला कुणीच खोलीत जाईना. कारण चहाच्या टपरीवर कळलं: शुगर निघाली तर कंपनी घरी बसवेल. डॉक्टरबाई शॉप फ्लोअरवर स्वतः आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “कुणाला काय झालंय हे कंपनीला कळणार नाही. रजिस्टर माझ्या बॅगेत राहील.” तसंच करारात लिहिलं. मला महिन्याअखेर फक्त किती जण आले तो आकडा मिळतो, नावं नाहीत. साहेबांनी एकदा सहज विचारलं तेव्हाही त्यांनी नाही सांगितलं, आणि साहेबांनी ते मानलं. त्यानंतर खोलीबाहेरचा बाक रिकामा राहिला नाही. आमच्या एका जुन्या फोर्कलिफ्ट ड्रायव्हरने आपणहून मला सांगितलं की त्याचं बीपी खूप वाढलेलं निघालं, आता गोळी चालू आहे, ती जनऔषधी केंद्रातून स्वस्तात मिळते. त्याला गाडीवर बसलेलं पाहते तेव्हा एवढ्या खटपटीचं समाधान वाटतं.

मेडिक्लेमबद्दल दोन गोष्टी राहिल्या. नवा माणूस लागला किंवा कुणाला मूल झालं की त्याच आठवड्यात नाव चढवायला पाठवा, आणि विमा कंपनीकडच्या सीडी खात्यात, म्हणजे आगाऊ पैसे ठेवायच्या खात्यात, शिल्लक ठेवा. शिल्लक नसेल तर नाव चढत नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादा माणसांना मराठीत समजावून सांगा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की नुसता भाड्यातला फरक नाही, बिलाचा बाकीचा भागही त्या प्रमाणात कापला जाऊ शकतो. कॅशलेससाठी हॉस्पिटलकडून विनंती गेल्यावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, असं आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, मे २०२४ चं परिपत्रक आहे. त्याची प्रत मी मोबाइलमध्ये ठेवली आहे आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर ती दाखवली की काम हलतं.

आणि ईएसआयमध्ये असलेल्या माणसाला ‘तुला मेडिक्लेम देतो, ईएसआय बंद करू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तसं करता येत नाही. पगार मधेच २१ हजारांच्या वर गेला तरी सप्टेंबर किंवा मार्चपर्यंतची वर्गणी भरावी लागते. मेडिक्लेममध्ये त्याचं नाव पुढच्या एक तारखेपासून चढेल अशी तयारी आधीच करा, म्हणजे मधे एकही दिवस तो उघड्यावर राहणार नाही.

सध्या डॉक्टरबाई चष्म्याच्या तपासणीसाठी मागे लागल्या आहेत. मायक्रोमीटरवरचं रीडिंग घेताना काही जण डोळे बारीक करतात, हे त्यांनी शॉप फ्लोअरवर फिरताना पाहिलं. साहेबांकडे प्रस्ताव दिला आहे.