हातात किती पडतात?

यंदा गणपतीला पुण्यात होते, ताईकडे, सहकारनगरला. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी भाची लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. "मावशी, लेटर आलं. कंपनी डॅलसला पाठवतेय. वर्षाला ९१ हजार डॉलर." तिने ८७ ने गुणूनही ठेवलं होतं. एकोणऐंशी लाख! ताईने हातातलं काम टाकलं आणि देवापुढे साखर ठेवली. भाऊजींनी मात्र बँकेत छत्तीस वर्षं काढलीत. त्यांनी पेपर बाजूला ठेवून एवढंच विचारलं, "हातात किती पडतात?"

२०१६ मध्ये मी अमेरिकेला निघाले तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतेय.

जवळ एक जुनी लग्नपत्रिका पडली होती, तिच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. तिकडे बहुतेक कंपन्यांत पगार दर दोन आठवड्यांनी होतो, म्हणजे वर्षाला २६ वेळा. ९१,००० ला २६ ने भागलं की एका पगाराचे ३,५०० येतात. घरभाडं महिन्याच्या एक तारखेला जातं, त्यामुळे खर्च दोन पगारांत बसवायचा. वर्षातल्या दोन महिन्यांत तिसरा पगार येतो, तो आधीच खर्चात धरू नये.

आता कपात. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, १.४५ टक्के, हे पहिल्या डॉलरपासून जातात. "म्हणजे आपला पीएफच की," ताई म्हणाली. तसं नाही. पीएफ आपल्या नावावर जमतो, नोकरी सुटली की काढता येतो. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. म्हणजे किमान दहा वर्षं नोकरी हवी. तीन वर्षांनी परत आलं तर भरलेलं परत मिळत नाही. जर्मनी, फ्रान्सबरोबर भारताचा यासाठी करार आहे, अमेरिकेबरोबर नाही. आपली कितीतरी मुलं-मुली दोन-चार वर्षं तिथे राबून हे पैसे तिथेच सोडून येतात. मला हे अन्यायाचं वाटतं.

त्यानंतर केंद्राचा इन्कम टॅक्स. २०२५ साठी एकट्या माणसाला १५,७५० डॉलरची सरसकट वजावट आहे. उरलेल्यातल्या पहिल्या ११,९२५ वर १० टक्के, तिथून ४८,४७५ पर्यंत १२ टक्के आणि वरच्यावर २२ टक्के. डॅलस ज्या टेक्सासमध्ये आहे तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. मी राहते त्या नॉर्थ कॅरोलायनात आहे, न्यूयॉर्क शहरात तर राज्याचा वेगळा आणि शहराचा वेगळा. वर्षभराचा पगार धरून भाचीच्या हातात दर दोन आठवड्यांनी साधारण २,७९१ पडतील, असा आकडा निघाला. भाऊजींनी त्याभोवती पेनाने गोल काढून ठेवला.

हा आकडा काहीच बाजूला न काढता. माझी चूक नेमकी इथेच झाली.

पहिल्या नोकरीत ७८ हजार होते. रुजू झाल्यावर फोर-ओ-वन-केचा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. ते निवृत्तीचं खातं, आणि त्यात जाणारा पैसा प्री-टॅक्स, म्हणजे इन्कम टॅक्स लागायच्या आधीच पगारातून बाजूला निघतो. मी सहा टक्के टाकले असते तर कंपनी तीन टक्के आपणहून घालणार होती. मी तिथे शून्य लिहिलं. बाबांच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते, महिन्याला ३९० डॉलर कमी होणं परवडणार नाही असं वाटलं. पण हातातले ३९० कमी होणारच नव्हते! तेवढ्या पैशावरचा टॅक्स वाचला असता, तेव्हाच्या दराने जेमतेम पावणेतीनशे कमी झाले असते. हे कळायला चौदा महिने गेले. कंपनीचे २,७३० डॉलर मी घेतलेच नाहीत. त्या पैशांत बाबांचे काही हप्ते सहज निघाले असते असं नाही, कारण ते खातं साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी मोडलं तर टॅक्स आणि वर दहा टक्के दंड. पण माझ्या म्हातारपणाचे तरी ते झाले असते.

भाचीच्या कंपनीतही योजना तशीच आहे. म्हणून पत्रिकेवर दुसरा रकाना केला. सहा टक्के म्हणजे एका पगारातून २१०. त्यावरचा २२ टक्के टॅक्स वाचला, सुमारे ४६. हातातून गेले १६४. कंपनीचे १०५ धरून खात्यात पडले ३१५. भाचीने पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा मांडून पाहिलं. (टॅक्स कायमचा माफ नाही. म्हातारपणी काढताना भरावाच लागतो. आणि कंपनीचा वाटा पूर्ण आपला व्हायला कधीकधी काही वर्षं थांबावं लागतं, ते कागद वाचून घ्यायचे.)

आरोग्य विम्याचे १०० डॉलरही दर पगारातूनच प्री-टॅक्स जातात, आणि तिथे फायदा जास्त. त्यांच्यावर इन्कम टॅक्स नाही आणि सोशल सिक्युरिटी, मेडिकेअरही नाही. फोर-ओ-वन-केच्या पैशांवर हे दोन्ही लागतात. म्हणूनच वर्षअखेरीच्या डब्ल्यू-टू फॉर्मवर, आपल्या फॉर्म-१६ सारखाच तो, पगाराचे दोन वेगळे आकडे दिसतात. भाचीचे पूर्ण वर्षाचे इन्कम टॅक्ससाठी ८२,९४० आणि सोशल सिक्युरिटी, मेडिकेअरसाठी ८८,४०० असे येतील. कंपनीने गोंधळ घातला असं वाटून माझी पहिल्या वर्षी झोप उडाली होती.

डॉक्टरच्या खर्चासाठीची दोन खातीही सांगितली. एचएसएमधले पैसे वर्षानुवर्षं राहतात. एफएसएमधले त्या वर्षी वापरले नाहीत तर बहुतेक बुडतात, म्हणून पहिल्या वर्षी त्यात बेताने टाकायचं.

भाऊजींना हे वजावटीचं गणित नवं नव्हतं. ८०सीच्या दीड लाखासाठी दर मार्चला बँकेत होणारी गर्दी त्यांनी काउंटरच्या आतून पाहिलीय. मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा घरभाड्याच्या सवलतीत मुंबईला ५० टक्के आणि पुण्याला ४० धरायचे, त्यावर चहाच्या वेळी आम्ही तावातावाने बोलायचो. तीच माणसं परदेशी निघाली की फक्त वरचा आकडा गुणतात, मीही तेच केलं होतं.

शेवटी पत्रिकेवर विमा आणि सहा टक्के दोन्ही धरून २,५५७ आले. ३१० बाजूला निघाले आणि हातातले २३४ कमी झाले. भाऊजींनी ती पत्रिका बँकेच्या पासबुकात घालून ठेवली.

भाची ऑक्टोबरात गेली. तिने दुसऱ्या पगाराच्या स्लिपचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भाऊजींनी तो बोटांनी मोठा करून पत्रिकेशी ओळीनओळ ताडून पाहिला आणि रात्री मला फोन केला. आकडा सहा-सात डॉलर इकडेतिकडे होता. "आणि खाली बारीक अक्षरात," ते म्हणाले, "कंपनीचे १०५ पण आलेत."