तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हरने हाक मारावी का?

"सर्व्हरवर टीसीपी कीपअलाइव्ह डीफॉल्टनेच चालू ठेवायचं का हो?" नवीन कुणी कामावर रुजू झालं की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. टीसीपी म्हणजे दोन यंत्रांमध्ये कनेक्शन जोडून माहिती पोचवायची पद्धत, आणि कीपअलाइव्ह म्हणजे पलीकडचा अजून आहे ना, हे बघायला त्या कनेक्शनवर मारलेली हाक. (वेबपानं आणणाऱ्या एचटीटीपीचं कीप-अलाइव्ह ते वेगळं. नाव सारखं असल्यामुळे निम्मा गोंधळ तिथेच होतो.) माझं उत्तर: ठेवायचं. पण तेवढ्यावर निवांत होऊ नका.

पूर्वी मी बसगाड्यांचा ठावठिकाणा दाखवणारे सर्व्हर सांभाळायचो. प्रत्येक बसमध्ये सिमकार्ड घातलेला जीपीएसचा डबा. डबा बोलणार, सर्व्हर नुसता ऐकणार. घाटात रेंज गेली किंवा ड्रायव्हरने बॅटरीचा स्विच मारला की डबा निरोप न घेताच गायब व्हायचा. परत आला की नवं कनेक्शन जोडायचा, आणि जुनं आमच्याकडे 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे जोडलेलं, म्हणून तसंच पडून राहायचं. बस तीनशे, पण उघडी कनेक्शनं १०२४ च्या मर्यादेला टेकलेली. प्रत्येक कनेक्शन ही यंत्राच्या लेखी एक उघडी फाइलच, म्हणून मग 'टू मेनी ओपन फाइल्स' अशी तक्रार. रीस्टार्ट करायचं आणि चहाला जायचं, असं बरेच दिवस चाललं.

मेख अशी की पलीकडचा गेला हे टीसीपीला आपणहून कळत नाही. आपण काही पाठवलं आणि त्याची पोच आली नाही, तरच संशय येतो. जो फक्त ऐकतो त्याला संशय येणार कुठून? म्हणून कनेक्शन बराच वेळ गप्प असलं की कीपअलाइव्हची हाक मारायची. पलीकडून ओ आली तर ठीक. यंत्र मधल्या काळात बंद पडून पुन्हा सुरू झालं असेल तर ते रीसेट, म्हणजे 'हे कनेक्शन माझ्याकडे नाही' असा निरोप, पाठवतं. काहीच आलं नाही तर आणखी काही हाका मारून कनेक्शन तोडायचं.

मग लोक हे बंद का ठेवायचे? १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) तसा नियमच आहे: डीफॉल्टने बंद, आणि चालू केलं तरी, वेगळं काही सांगितलं नसेल तर, पहिली हाक दोन तासांच्या आत नको. वाट घटकाभर बिघडली तर धडधाकट कनेक्शन तुटेल, पॅकेटमागे पैसे मोजणाऱ्याचं बिल वाढेल, ही कारणं. तेव्हा ती रास्त होती. २०२२ च्या आरएफसी ९२९३ ने नियम तसाच ठेवला, हे मला तरी पटलेलं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तो कधीच गुंडाळून ठेवलाय: दूरच्या यंत्रावर लॉगिन करायला वापरतात त्या ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये कीपअलाइव्ह मुळातच चालू असतं, गो भाषेत १.१३ पासून दर १५ सेकंदांनी.

खरी अडचण त्या दोन तासांची. लिनक्समध्ये ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ हाका. म्हणजे मेलेलं कनेक्शन कळायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर क्लाउडमधला लोड बॅलन्सर, म्हणजे येणारी कनेक्शनं सर्व्हरांमध्ये वाटून देणारा मधला, डीफॉल्टने ४ मिनिटांच्या शांततेनंतर कनेक्शन विसरतो. तिथे दोन तासांनी हाक मारून कुणाला ऐकू जाणार? आम्ही १२० सेकंद शांतता, ३० सेकंदांचं अंतर आणि ४ हाका असं केलं, आणि रीस्टार्ट थांबले. समोर मोबाइल फोन असते तर इतकं कमी ठेवलं नसतं. प्रत्येक हाकेला रेडिओ जागा होतो आणि बॅटरी उतरते.

पुढे एक बस तीन दिवस नकाशावर डेपोच्या फाटकातच उभी दिसली. डब्यातला प्रोग्राम अडकला होता, पण ओ देतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि तो इमानेइतबारे देत होता. मग सर्व्हरच्या कोडमध्ये घातलं: पाच मिनिटांत ठिकाण आलं नाही तर, ओ येत असली तरी, कनेक्शन तोडायचं.