डाव्या पुढच्या चाकाची चींचीं: तीन रविवारांची नोंद

आवाज सुरू झाला तेव्हा फक्त सकाळी, पहिल्या अर्ध्या किलोमीटरपुरता यायचा. दमट हवेत रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) गंजाचा पातळ थर धरतो आणि दोन-चार ब्रेकमध्ये घासून जातो, म्हणून कानाडोळा केला. आठवड्याभरात चींचीं दिवसभर सोबतीला राहायला लागली.

पहिला रविवार. आवाज इंजिनाचा की चाकाचा, हे आधी ठरवायचं होतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग २० वर आणला आणि क्लच दाबला. इंजिन आयडलवर आलं, चींचीं जशीच्या तशी. म्हणजे इंजिनाचा बेल्ट निर्दोष. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजलं: सेकंदाला जवळजवळ तीन वेळा. माझ्या १७५/६५ आर १५ टायरचा घेर साधारण १.९ मीटर, म्हणजे ताशी २० किमीला चाक सेकंदाला २.९ फेऱ्या मारणार. फेरीला एक चीं! हिशेब जुळल्याचा आनंद घरात कुणालाच समजावून सांगता आला नाही, इथे सांगतोय.

चाकाचं बेअरिंग बिघडलं तर सहसा घूं करत घुमतं आणि वळणावर वजन एका बाजूला गेलं की त्याचा सूर बदलतो. इथे वळणाने काही फरक पडेना. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट नाही, म्हणजे सीव्ही जॉइंटही (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा सांधा) नसावा. फरक पडत होता तो एकाच गोष्टीने: ब्रेकवर पाय नुसता टेकवला की आवाज गप्प. हे वहीत लिहिलं, पण त्याचा अर्थ लावायचं सोडून टॉर्च घेतला आणि अलॉय चाकाच्या फटीतून ब्रेक पॅड (डिस्कला दाबून चाक थांबवणारा, झिजत जाणारा ठोकळा) बघितला. चांगला ६ मिमी शिल्लक. ‘पॅड ठीक’ असं लिहून मोकळा झालो. फसलो तो इथेच.

दुसरा रविवार फुकट गेला. चाक काढलं तर डिस्कमागच्या पातळ पत्र्याची कड आत वाकलेली दिसली. हाच चोर, म्हणत पत्रा मागे ओढला. दोन दिवस खरोखर शांतता. तिसऱ्या दिवशी चींचीं परत. बहुधा त्या ओढाताणीत कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा) जरासा सरकला असावा, तेवढ्यापुरतंच.

तिसऱ्या रविवारी आधी गाडी फिरवून आणली, ब्रेक शक्य तितका कमी वापरत, आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही डिस्क बघितल्या. डावी ९४ अंश, उजवी ५८. चकचकीत धातूवर हे यंत्र खरं तापमान दाखवत नाही, कमीच दाखवतं. त्यामुळे आकड्यावर न जाता दोन्हीकडे एकाच जागेचा फरक बघायचा. एवढा फरक म्हणजे डावा ब्रेक धरून बसलाय.

नट जमिनीवरच सैल केले, मागच्या चाकांना ठोकळे लावले, जॅकवर उचलून गाडी स्टँडवर टेकवली. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलायला गेलो तर तो ज्यावर सरकतो ती पिन हलेना. शेवटी दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला (ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळत सोडू नका) आणि पॅड हातात घेतले. बाहेरचा ६ मिमी, सरळ झिजलेला. आतला वरच्या टोकाला ४, खालच्या टोकाला जेमतेम २, आणि तिथेच बसवलेली पोलादी जीभ टोकाला आरशासारखी चमकत होती. ती जीभ याचसाठी असते: पॅड संपत आला की डिस्कला टेकते आणि किंचाळते. ब्रेक हलका दाबला की पॅड डिस्कवर घट्ट बसतो, जिभेची थरथर थांबते. पहिल्याच रविवारी वहीत उत्तर लिहिलेलं होतं. आतला पॅड अलॉयच्या फटीतून दिसत नाही, एवढंच.

आता पॅड असा तिरका का झिजला? या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा ओढून घेतो. पिन अडकली की आतल्याच्या नशिबी सगळी घासाघास. खालची पिन पकडीने फिरवत फिरवत काढली. गंज नव्हता. तिच्या टोकावरची रबरी नळी फुगून भोकात गच्च बसली होती. वास घेतला आणि ओळखलं. दोन वर्षांपूर्वी मीच बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे लावलं होतं. खनिज तेलाचं ग्रीस या रबराला फुगवतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

उजवीकडेही तेच ग्रीस, तशीच नळी, पण अजून सरकत होती. दोन्हीकडे नवीन नळ्या आणि बूट (पिनेवरची रबरी टोपणं), सिलिकॉन ग्रीस, पॅडचा पूर्ण जोड नवा. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा दोन्ही डिस्क अजून जाड आहेत, म्हणून त्याच ठेवल्या. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा, पातळी वर येते. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. मी एकदा विसरलोय, पेडल थेट तळाला गेलं होतं.

आज ३४० किमी झाले. आवाज नाही, दोन्ही डिस्कमध्ये फरक ५ अंशांचा. ग्रीसच्या जुन्या डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: रबराला नाही.